वीस मिलिमीटरचे पाच दिवस

ज्या लेन्सविषयी हे लिहितो आहे ती वर्षभर माझ्या पिशवीत होती आणि त्या वर्षात मी तिच्याकडून एकच काम करून घेतले होते. समोरचे सगळे चौकटीत मावेनासे झाले की ती लावायची आणि काम झाले की काढून ठेवायची. त्या छायाचित्रांपैकी एकही मी दुसऱ्यांदा उघडून पाहिलेले नाही. म्हणून ताईबरोबर पाच दिवस समुद्रकिनारी जायचे ठरले, तेव्हा बाकीच्या लेन्स मी मुद्दाम घरी ठेवल्या. बरोबर घेतलेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा. त्यावर ही २० मिलिमीटरची वाइड-अँगल लेन्स. आणि पाय पार जमिनीलगत पसरता येतील असा एक ट्रायपॉड. ताईच्या पिशवीत चित्रवही आणि तीन पेन्सिली होत्या. ती छायाचित्रे काढत नाही, आणि मी काढलेली पाहताना तिच्या चेहऱ्यावर फारसे काही उमटतही नाही.

पहिला दिवस

पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. पाणी मागे सरकून काळ्या खडकांचा रुंद पट्टा उघडा पडला होता. डाव्या हाताला, साधारण किलोमीटरभर अंतरावर, समुद्रात घुसलेला उंच कडा. समोर मोकळे पाणी. उजवीकडे वळत वळत दीपस्तंभापर्यंत गेलेली वाळू. असे दृश्य समोर आले की माणूस जे करतो तेच मी केले. होतो तिथेच उभा राहून कॅमेरा डोळ्याला लावला, कड्यापासून दीपस्तंभापर्यंत सारे काही एका चौकटीत बसते आहे याचे समाधान मानले आणि सूर्य बुडेपर्यंत दीडशेवर छायाचित्रे काढली.

रात्री ती खोलीत पाहिली, तेव्हा त्या दीडशेंत खरे तर एकच चित्र होते. वर आकाशाचा पट्टा, मध्ये पाण्याची रेघ, खाली खडकांचा करडा पट्टा. ज्या कड्यापुढे मी थबकलो होतो तो क्षितिजावर पडलेल्या ढेकळासारखा दिसत होता. हिशेब मला ठाऊक होता, पण तो असा डोळ्यांसमोर कधी मांडला नव्हता. २० मिलिमीटरच्या लेन्सला आडवा ८४ अंशांचा कोन दिसतो, तर ५० मिलिमीटरच्या लेन्सला ४० अंशांच्या आसपास. दूरच्या वस्तूची प्रतिमा केंद्रांतराच्या, म्हणजे लेन्सच्या नावातल्या मिलिमीटरच्या आकड्याच्या, प्रमाणात लहान-मोठी होत असल्यामुळे माझा कडा ५० मिलिमीटरच्या चित्रातल्या कड्याच्या दोन-पंचमांशच उरला होता. शंभर पावले त्याच्या दिशेने चालत गेलो असतो, तरी तो शेकडा सात-आठने मोठा झाला असता, इतकेच. उलट दोन हातांवरच्या दगडाकडे हातभर सरकलो असतो, तर तो दुप्पट झाला असता.

वाइड-अँगल लेन्स दूरचे आणखी दूर लोटते, असे सर्रास सांगितले जाते. मला ते सांगणे दिशाभूल करणारे वाटते. वस्तूंचे एकमेकींशी असलेले प्रमाण कॅमेरा कोठे उभा आहे यावर ठरते, लेन्सवर नाही. एकाच जागेवरून ५० मिलिमीटरने काढलेले चित्र आणि २० मिलिमीटरच्या चित्राचा मधला तुकडा कापून मोठा केलेला, हे दोन्ही एकावर एक ठेवले तर तंतोतंत जुळतात. लेन्सचे काम एवढेच की एखाद्या वस्तूला जवळजवळ नाक लावून उभे राहिले, तरी तिच्यामागचा मुलूख चौकटीबाहेर जात नाही. मी मात्र दिवसभर कशालाही नाक लावलेले नव्हते.

ताईने आपली वही पुढे केली. पानाचा अर्धा भाग आरपार भोक असलेल्या एका दगडाने व्यापला होता आणि त्याच्यामागे कडा एका वाकड्या रेघेत आटोपला होता. दगड एवढा मोठा का काढलास, असे मी विचारले.

“मी त्याच्याशेजारी बसले होते, म्हणून,” ती म्हणाली.

दुसरा दिवस

पहाटे साडेपाचला पुन्हा पूर्ण ओहोटी होती. ताईचा दगड शोधायला वेळ लागला नाही. गुडघ्याएवढा उंच, समुद्राकडच्या अंगाला कालवांची खरखरीत पुटे, मधोमध मूठ जाईल एवढे भोक, आणि पायथ्यापासून पाण्याच्या दिशेने गेलेली एक लांब भेग. दिवसभर या एकाच दगडापाशी राहायचे, असे मी ठरवले. प्रत्यक्षात चार तास राहिलो.

पहिली अर्धी घटका नेहमीच्या सवयीत गेली. उभे राहून, कॅमेरा समतल धरून काढलेल्या चित्रात दगड खालच्या कडेशी कसाबसा दिसत होता आणि त्याच्या नि समुद्राच्या मध्ये नुसते मोकळे खडक पसरले होते. वाइड-अँगलच्या चित्रांतली ही मधली ओसाड जागाच त्यांना बहुधा मारते, असे माझे मत त्या सकाळी बनले. पुढच्या वस्तूविषयी सगळे बोलतात, मागच्या डोंगराविषयी बोलतात; मधल्या जमिनीचे काय करायचे ते कोणी सांगत नाही. तिचे उत्तर कॅमेऱ्याच्या उंचीत आहे. डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, लेन्स आडवी आणि समतल धरली, तर अडीच मीटरांच्या आतली जमीन तिला दिसतच नाही, आणि त्यापुढची मात्र भरपूर दिसते. तीच लेन्स गुडघ्याच्या उंचीवर आणली की जमीन ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटरपासून दिसू लागते आणि पलीकडचा सारा विस्तार मिटत आलेल्या पंख्यासारखा आवळून येतो.

याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी भूमितीच्या दृष्टीने साधी आहे, पण मला ती ओणवे झाल्यावर कळली. सपाट जागेवर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. कॅमेऱ्यापेक्षा बुटकी वस्तू जवळ असो की लांब, क्षितिजाखालीच राहते. कॅमेऱ्याएवढी उंच वस्तू क्षितिजाला टेकते. त्याहून उंच असेल ती आकाशात शिरते. माझा दगड गुडघ्याएवढा. कॅमेरा कमरेशी होता तेव्हा तो खडकांतला एक खडक होता. कॅमेरा त्याच्या माथ्याबरोबर आणल्यावर माथा नेमका समुद्राच्या रेषेला चिकटला आणि दोन्ही बिघडले, कारण टेकलेल्या कडांचा डोळ्यांना त्रास होतो. आणखी वीतभर खाली, ट्रायपॉडचे पाय पसरून, मी अक्षरशः पालथा पडलो, तेव्हा दगडाचा खांदा आकाशात गेला, मधला ओसाड भाग त्याच्या आड लपला आणि भोकातून पाण्याचा एक चकाकता तुकडा दिसू लागला. किलोमीटरभरावरचा कडा अजूनही लहानच होता, पण आता तो दगडाच्या उजव्या उताराचीच पुनरावृत्ती करत असल्यासारखा दिसत होता आणि त्यामुळे त्याचे लहानपण खटकत नव्हते.

यानंतरचा खेळ विती-बोटांचा होता. इतक्या जवळून दोन बोटे डावीकडे सरकले तरी कडा दगडामागे नाहीसा होत असे. भेग आधी चौकटीच्या खालच्या कडेतून मधूनच शिरत होती. ती कोपऱ्यातून आत यावी म्हणून मला कोपराच्या आधाराने सरपटावे लागले. पायांचे चवडे दोनदा, ट्रायपॉडचा पाय एकदा आणि पिशवीचा पट्टा कितीदा तरी चित्रात आला. सूर्य पाठीमागून वर आल्यावर माझी स्वतःचीच लांबलचक सावली थेट दगडावर पडली. ८४ अंशांच्या कोनातून ती टाळायला जागाच नव्हती, त्यामुळे अर्धा तास नुसते बसून राहावे लागले.

स्पष्टतेचा प्रश्न याच वेळात सोडवला. एफ हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका मोठा, तितके छिद्र लहान आणि जवळ-दूरचे अधिक रेखीव. एफ ११ वर या लेन्सचे फोकस साधारण १.२ मीटरवर ठेवले, तर ६० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सारे पुरेसे रेखीव येते. फोकस थेट कड्यावर ठेवणे म्हणजे अर्धी रेखीवता आकाशाला दान करणे होय. माझा दगड मात्र ४५ सेंटिमीटरवर होता, म्हणून एफ १६ वर जावे लागले. छिद्र एवढे लहान केले की प्रकाशाचे विवर्तन होऊन, म्हणजे तो छिद्राच्या कडांशी फाकून, सगळेच चित्र किंचित मऊ पडते, हे मान्य करून मी तो सौदा केला. १९३२ मध्ये अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात आपल्या गटाला एफ ६४ असे नाव दिले होते, ते पायापासून डोंगरापर्यंत सारे रेखीव ठेवण्याच्या याच हव्यासापायी. त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यांना तेवढे बारीक छिद्र परवडत होते, माझ्या छोट्या सेन्सरला परवडत नाही.

दगडाच्या पायथ्याच्या डबक्यात बोटभर मासे होते. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे आकाश, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, सुमारे ९७ अंशांच्या वर्तुळात दाटलेले दिसते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६ मध्ये पाणी भरलेला कॅमेरा तयार करून माशाला दिसणारे हे जग टिपले होते, आणि सरळ रेषाही वाकवून दाखवणाऱ्या अतिरुंद लेन्सना फिश-आय हे नाव तिथून आले. माझी लेन्स त्या जातीची नाही. ती सरळ रेषा सरळच ठेवते, आणि त्याबद्दल काय वसूल करते ते चौथ्या दिवशी ताईला कळले.

तिसरा दिवस

दीपस्तंभ. उंची तीस मीटर, आणि मी पायथ्यापाशी उभा. कॅमेरा वर कलवला की मनोरा मागे कोसळू लागे, कारण सेन्सर कलला की उभ्या समांतर रेषा वरच्या बाजूला एकत्र येतात, आणि एवढ्या रुंद कोनात दोन-तीन अंशांचा कलही लपत नाही. सरळ उभा मनोरा हवा असेल, तर कॅमेरा समतलच ठेवायचा. मग चौकट उभी धरून निदान बत्तीस मीटर मागे जावे लागते, आणि क्षितिज मध्यावर राहिल्यामुळे खालचा अर्धा भाग रिकाम्या जमिनीचा येतो. पहिल्या दिवशी मी तो नंतर कापून टाकला असता. आता मात्र त्या अर्ध्या भागासाठी काही शोधायला हवे, हे आपोआप सुचले. मनोऱ्याच्या वाटेवर जुन्या साखळदंडाचा ढीग गंजत पडला होता. तो खाली घेतला आणि त्याच्या कड्या वाटेबरोबर मनोऱ्याकडे वळताना दिसतील अशी जागा धरली.

आत शिरल्यावर नियम उलटले. गोल जिन्याच्या तळाशी कॅमेरा पाठीवर आडवा ठेवून सरळ वर रोखला, तेव्हा रेषांचे एकत्र येणे हाच त्या चित्राचा प्राण झाला. पायऱ्यांचा शंख मधोमध आला नाही तर तो हलगर्जीपणा दिसतो, म्हणून केंद्र जुळवण्यातच वीस मिनिटे गेली. कोपरे मात्र काळवंडलेले आले. लेन्स स्वच्छ असूनही हे होते, कारण तिरप्या किरणांचा प्रकाश त्यांच्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो आणि ४५ अंशांवर तो चौथाईच उरतो. आजच्या लेन्सची रचना आणि कॅमेऱ्यातले गणित ही घट बरीचशी भरून काढतात. १९०० मध्ये जर्मनीतल्या गोएर्झ कंपनीने हायपरगॉन नावाची १३० अंशांहून अधिक कोन पाहणारी लेन्स काढली, तेव्हा हे गणित चक्क यंत्राने केले होते. लेन्सच्या पुढे चांदणीच्या आकाराचे एक चक्र असे. रबरी फुग्याने हवा फुंकून ते फिरवायचे, म्हणजे मधला प्रकाश अडून कडांना आपला वाटा मिळे, आणि उरलेल्या वेळासाठी ते बाजूला सारायचे. जिन्यातला अंधार मी भरून काढला नाही. तिथे तो शोभत होता.

अमावास्येची रात्र असल्यामुळे तारे काढायचा मोह झाला. तारे रेघोट्या होऊ नयेत म्हणून ५०० ला केंद्रांतराने भागावे, असा एक जुना आडाखा आहे, म्हणजे माझ्यासाठी शटर २५ सेकंद उघडे. पृथ्वी तेवढ्यात सव्वासहा कलांनी, म्हणजे साधारण अंशाच्या दहाव्या भागाने, फिरते आणि आजच्या बारीक सेन्सरवर प्रत्येक तारा लांबट दिसतो. दहा-बारा सेकंदांवर आल्यावर ते ठिपके झाले. चित्र मात्र सामान्यच निघाले, कारण खाली काळोखाशिवाय काही नव्हते. समोर काय ठेवायचे हा प्रश्न रात्रीही सुटत नाही.

चौथा दिवस

दिवसभर पाऊस. किनाऱ्यामागच्या झाडीत गेलो आणि तिथे या लेन्सने माझा साफ पराभव केला. जंगलात सगळेच जवळ असते. एका खोडाला नाक लावले, तर मागून वीस फांद्या, चार आकाशाची भोके आणि पानांचा गुंता चौकटीत शिरतो. कशालाही बाहेर काढता येत नाही. तीन तासांत ठेवावेसे एकही चित्र मिळाले नाही. शिवाय लेन्सची फुगीर पुढची काच थेंब झेलत होती. ती अशी फुगीर असण्याचे कारण इतिहासात आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे लेन्समधले दृश्य आरशावरून डोळ्याकडे वळवणाऱ्या कॅमेऱ्यात, आरसा हलायला लेन्सच्या मागे जागा लागते, एवढ्या लहान केंद्रांतराची साधी लेन्स त्या जागेतच अडकली असती. म्हणून १९५० मध्ये फ्रान्सच्या पिएर आँजेन्यू यांनी ३५ मिलिमीटरच्या रेट्रोफोकस लेन्समध्ये पुढे प्रकाश फाकवणारी मोठी भिंगे बसवली, आणि ती घडण पुढे सर्वत्र रूढ झाली. माझ्या कॅमेऱ्यात आरसा आहे, त्यामुळे माझीही काच छत्रीबाहेर डोकावत होती.

संध्याकाळी ओसरीत ताईचे एक चित्र घेतले. ती डाव्या कडेला बसलेली, मागे लांबच लांब ओसरी आणि पाऊस. रचना मला आवडली होती. तिने पाहिले आणि विचारले, “माझं डोकं असं दुधीभोपळ्यासारखं का झालंय?”

दोष लेन्सचा नव्हता. कडेकडून येणारे किरण सपाट सेन्सरवर तिरपे पडतात, आणि सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर गोल वस्तूंना ताण सोसावा लागतो. ४२ अंशांवर, म्हणजे माझ्या चौकटीच्या डाव्या-उजव्या कडेला, चेंडू एक-तृतीयांशाने लांबट होतो. कोपऱ्यात जवळजवळ दीडपट. दगडाला त्याची फिकीर नसते, चेहऱ्याला असते. ब्रिटिश छायाचित्रकार बिल ब्रँट यांनी १९५०च्या दशकात खडेदार किनाऱ्यांवर माणसाचे कान, गुडघे, बोटे वाइड-अँगलने इतक्या जवळून घेतली की ती शरीराची न राहता खडकांच्या जातीची झाली. ताईला मी ते सांगितले नाही. तिला उठवून ओसरीच्या मध्यावर, दीड मीटरवर बसवले आणि दुसरे चित्र घेतले.

पाचवा दिवस

पाऊस रात्रीच उघडला. संध्याकाळी आम्ही पुन्हा भोकाच्या दगडाकडे गेलो, आणि तो अर्धा पाण्यात होता. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे मी विसरलो होतो. पहिल्या दिवशी याच वेळी उघडी पडलेली जागा आता पाण्याखाली होती. पालथे पडून साधलेली ती उंची, कोपऱ्यातून येणारी ती भेग, काहीच उरले नव्हते. थोडा वेळ राग आला. मग लक्षात आले की मधली ओसाड जमीनही आता उरलेली नाही, तिच्या जागी हलणारे पाणी आहे.

चपला काढून पाण्यात उतरलो. ट्रायपॉड दगडापासून दोन हातांवर रोवला आणि अर्ध्या सेकंदाचे शटर ठेवले. लाट अंगावर येताना टिपली तर नुसता फेस येत होता. ती परतताना टिपली की भोकातून आणि दगडाच्या दोन्ही अंगांनी पांढऱ्या रेघा कॅमेऱ्यापासून समुद्राकडे ओढल्या जात होत्या, म्हणजे भेगेने जे काम केले होते तेच आता पाणी करत होते. दर लाटेनंतर काच पुसावी लागत होती, कारण एफ १६ वर खारा थेंब न् थेंब चित्रात उमटतो. सूर्य दगडाच्या खांद्याआडून जेमतेम डोकावेल तेवढाच घेतला, तेव्हा त्याला अठरा आरे फुटले. माझ्या लेन्सच्या छिद्राला नऊ पाती आहेत आणि पात्यांची संख्या विषम असली की आरे दुप्पट होतात. या जागेवर तासाभरात मी अकरा चित्रे घेतली. त्यातल्या सातव्यात कडा, दगड आणि परतणारे पाणी, तिन्ही आपापल्या जागी आहेत.

अंधारताना दुजेची कोर कड्याच्या वर दिसली आणि ताईने वही उघडली. मीही सवयीने एक चित्र घेतले. चंद्राचा व्यास आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा असतो. माझ्या चौकटीच्या रुंदीचा तो दोनशेवा भाग. ताईच्या पानावर मात्र ती कोर दगडाच्या भोकाएवढी झाली होती. तिने माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोळे बारीक करून पाहिले.

“यात चंद्र कुठाय?”

मी बोट ठेवून दाखवला, आणि बोटाखाली तो झाकला गेला.